उपवास्तूने पाळायच्या मर्यादा

एखाद्या गावाची संस्कृती पाहायची असेल तर त्याच्या बागा आणि पुतळे पाहू नयेत, घरांच्या मागे जावं. घराची पुढची बाजू माणूस आल्यागेल्यासाठी ठेवतो आणि मागची स्वतःसाठी. आणि जिथे माणूस निव्वळ स्वतःसाठी काहीतरी करतो, तिथे पालिकेचं लक्ष असणं अत्यंत गरजेचं असतं.

आमच्या पालिकेला हे सत्य जरा उशिरा उमगलं. तोवर लोक मागच्या अंगणात वाटेल ते बांधत होते. कोणी सायकलींसाठी शेड, कोणी कोंबड्यांसाठी खुराडं, कोणी जुन्या कपाटांसाठी खोली, तर कोणी मेहुण्यासाठी (कपाटांची खोली सहसा मोठी असे). विटांच्या घरामागे निळा पत्रा, पत्र्याच्या घरामागे विटांचं न्हाणीघर. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि हीच खरी चिंतेची बाब होती.

म्हणून 'निवासी उपवास्तू स्वरूप नियमावली' तयार झाली आणि ती राबवायला समिती नेमली गेली. समितीत आम्ही तिघं. अध्यक्षीणबाईंचं फर्निचरचं दुकान आहे, त्यामुळे कुठली वस्तू कुठे शोभत नाही हे त्यांना पाहताक्षणी कळतं. निरीक्षकांकडे पालिकेची रंगपट्टी असते. आणि मानद सचिव मी. नियमावलीची भाषा माझी आहे. निवृत्त होईपर्यंत मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासत असे, त्यामुळे दुसऱ्याला कुठे थांबवायचं याचा मला सराव होता.

सगळीच कलमं इथे देता येणार नाहीत (परिशिष्टांची परिशिष्टंही आहेत), पण नियमावलीचा आत्मा कळावा म्हणून दोनचार सांगतो. उपवास्तूने मुख्य वास्तूशी नातं सांगावं. मूल जसं आईबापांच्या वळणावर जातं तसं खोपट घराच्या वळणावर गेलं पाहिजे. मात्र नातं सांगताना बरोबरी करू नये. उपवास्तूने मुख्य वास्तूपेक्षा जास्त लक्ष वेधून घेऊ नये. उपवास्तूत स्वयंपाक आणि झोप या क्रिया करू नयेत. दुपारची डुलकी झोपेत धरली जाईल.

पहिल्याच वर्षी आम्ही दोनशे चौदा उपवास्तू तपासल्या. त्यांतल्या दोनशे बारा सदोष निघाल्या. उरलेल्या दोहोंपैकी एक आम्ही पोचायच्या आधीच पडली होती आणि दुसरी अध्यक्षीणबाईंची होती (तिला कुलूप होतं आणि किल्ली बाईंकडे होती, त्यामुळे आत जाता आलं नाही). सुधारणा झपाट्याने झाली. एका दुमजली घरातल्या कुत्र्याला दुमजली घर मिळालं. कुत्रा खालीच राहतो. वरचा मजला भाड्याने मिळेल का, अशी चौकशी तीन कुटुंबांनी केली आहे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना समितीकडे एक निनावी तक्रार आली. तक्रार एका वाक्याची होती: 'चष्मेवाल्याच्या घरामागची खोली आनंदी दिसते आणि त्यामुळे पुढचं घर उदास वाटतं.'

नियमावलीत आनंदाविषयी थेट काही म्हटलेलं नाही, ही माझी चूक मी पुढच्या आवृत्तीत सुधारली. पण लक्ष वेधण्याचं कलम होतंच. आम्ही पाहणीला गेलो.

चष्मेवाला हा आमच्या बाजारपेठेतला चष्म्यांचा दुकानदार. मऊ स्वभावाचा, नियम पाळणारा, रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला थांबणारा माणूस. त्याची बायको विमा कंपनीत दावे नाकारण्याच्या विभागात होती. आणि आई निवृत्त परिचारिका. तिला सगळं गाव नर्सबाई म्हणतं. गावातल्या निम्म्या लोकांना तिने सुया टोचल्या आहेत, आणि उरलेले निम्मे तिला घाबरून बरे झाले आहेत.

मागची खोली मुळात चष्मेवाल्याच्या वडिलांची. तिथे त्यांची शिडी, करवती, पाना-पक्कड असं सामान असे. वडील गेले आणि चष्मेवाल्याने त्या खोलीत पाऊल टाकणं सोडलं. नर्सबाईने मात्र ती झाडली, रुग्णालयातल्या वॉर्डाच्या रंगकामातून उरलेला फिकट पोपटी रंग आणून स्वतः लावला आणि भिंतीला भोक पाडून तिथे भंगारात निघालेल्या वॉशिंग मशीनचं गोल काचेचं दार बसवलं. खिडकी म्हणून. ते उघडायचं, बंद व्हायचं आणि बंद होताना 'टक्' असा समाधानी आवाज करायचं.

सकाळी चहा झाला की ती मागच्या खोलीत जाई आणि जेवायला तेवढी घरात येई. झोपायलाही घरातच. मधला सगळा वेळ ती क्लॅरिनेट वाजवी. बंद पडलेल्या एका बँडचं सामान विकायला निघालं होतं, त्यातून तिने ते निवृत्तीनंतर घेतलं. शिकवायला कोणी नव्हतं. ऐकायला सगळी गल्ली होती.

आम्ही गेलो तेव्हा ती स्टुलावर बसून सूर लावत होती. निरीक्षकांनी रंगपट्टी भिंतीला लावली.

"तू तोच ना रे, सुई बघून टेबलाखाली शिरलेला?" तिने विचारलं.

"तो माझा मोठा भाऊ," निरीक्षक म्हणाले.

"भाऊ टेबलावर होता."

निरीक्षकांनी रंगपट्टी खिशात ठेवली आणि पुन्हा काढली.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "नर्सबाई, खोली छान आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पुढचं घर राखाडी, मागची खोली पोपटी. पुढच्या खिडक्या चौकोनी, ही गोल. लोकांनी काय समजायचं?"

"काय समजायचंय लोकांना? मी आत वाजवते आहे, एवढं समजलं तरी पुरे."

"पण हे सगळं कशासाठी?"

"जन्मभर वॉर्डात लोकांना सांगितलं, आवाज करू नका," नर्सबाई म्हणाली. "आता मला करायचा आहे."

हे कारण नियमावलीच्या कुठल्याही कलमात बसत नव्हतं. आदेश निघाला: खोली घरासारखी राखाडी करावी, खिडकी चौकोनी करावी आणि घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर ओलीचा जो मोठा डाग आहे, तो लक्षात घेता खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीवरही डाग काढावा. (नातं सांगायचं तर पूर्ण सांगावं.)

चष्मेवाल्याने एका शब्दाने हुज्जत घातली नाही. रंगाऱ्याला बोलावलं आणि आदेश वाचून दाखवला. रंगारी जुनाजाणता. तो डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, डाग काढायचा म्हणजे घालवायचा, की काढायचा?"

"काढायचा. म्हणजे रंगवायचा."

"खोलीवर?"

"हो."

"आणि घरावरचा आहे तो?"

"तो राहू द्यायचा. त्याच्यावरून तर काढायचा आहे."

रंगारी थोडा वेळ दोन्ही भिंतींकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आयुष्य गेलं डाग झाकण्यात. करू. मनापासून करू."

त्याने खरोखर मनापासून केलं, आणि घात झाला. मूळ डाग नुसताच ओबडधोबड होता. रंगाऱ्याच्या डागाला कडा होत्या, छटा होत्या, एका कोपऱ्यात बुरशीची सुरुवात होती. लोक संध्याकाळी फिरायला निघाले की तो बघायला वळत. कोणाला त्यात घोडा दिसे, कोणाला गेलेले सासरे. उपवास्तूचा डाग मुख्य वास्तूच्या डागापेक्षा जास्त लक्ष वेधतो आहे, हे आम्हाला नाइलाजाने नोंदवावं लागलं आणि डाग थोडा कमी सुंदर करण्याचा आदेश द्यावा लागला. रंगाऱ्याने तो पाळला. पण त्यानंतर त्याने आमच्यातल्या कोणाच्याही घरचं काम घेतलं नाही.

या सगळ्यात गोल दार काढून तिथे चौकोनी झडप बसली. पालिकेच्या नमुन्याची झडप लाकडाची होती. खोलीत अंधार झाला. नर्सबाई दोन दिवस अंधारात वाजवत होती. मग थांबली. सकाळचा चहा झाला की ती स्वयंपाकघरातच बसून राहू लागली. ओट्यावर हात ठेवून, बाहेर बघत.

गल्लीत शांतता पसरली. समितीच्या कामाची ही अनपेक्षित फलश्रुती मी अहवालात ठळक अक्षरांत नमूद केली.

आता सुनेविषयी सांगायला हवं. सासूसुनेचं नातं चांगलं होतं, आणि ते मधल्या अंगणावर उभं होतं. सुनेचं क्लॅरिनेटने डोकं उठे. कानात कापूस घालून ती भाजी चिरत असे, हे गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा आता तरी ती सुखी असेल, असं कोणालाही वाटावं. पण एके दिवशी ती कामावरून परतली, तिने चपला काढल्या, कापसाची डबी हातात घेतली आणि सासूला विचारलं, "आज पण नाही वाजवलं?"

"दिसत नाही तिथे काही."

"दिवा लावा ना."

"दिवा लावून वाजवलं की ड्यूटीवर असल्यासारखं वाटतं," नर्सबाई म्हणाली. "राहू दे. तुझं डोकं तरी बरं आहे."

सून डबी ठेवून आत गेली. "घर शांत झालं की मला बरं वाटेल असं वाटायचं," ती नवऱ्याला म्हणाली. "आता आई नुसत्या बसतात. त्यांच्याकडे बघून मला भाजी चिरता येत नाही." चष्मेवाला म्हणाला, "पण आदेश आहे." त्यावर तिने नियमावली मागवली आणि वाचायला बसली. दावे नाकारून नाकारून तिची नजर अशी तयार झाली होती, की कुठल्याही कागदावरचं बारीक अक्षर तिला आधी दिसे.

पुढच्याच बैठकीला ती हजर झाली.

"कलम दोन," ती म्हणाली. "मुख्य वास्तू म्हणजे काय, त्याची व्याख्या. वाचता का जरा?"

मी वाचली. ती मला पाठ होती. माझ्या लेखनातलं ते सगळ्यात चांगलं वाक्य आहे. वडीलधाऱ्यांचा मान राखावा म्हणून मी ते मुद्दाम तसं घडवलं होतं. "मुख्य वास्तू म्हणजे भूखंडावरील ती वास्तू, जिच्यात कुटुंबातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती दिवसा सामान्यतः आढळते."

"आमच्या आई दिवसा कुठे आढळतात?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. निरीक्षक म्हणाले, "मागच्या खोलीत. म्हणजे, आढळायच्या. आपली झडप बसेपर्यंत."

"मग ती मुख्य वास्तू होती. मुख्य वास्तूने कोणासारखं दिसावं, असं कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. समिती हट्टी नाही. तर्क बिनतोड होता आणि व्याख्या माझी होती, त्यामुळे मला तर गहिवरून आलं. आम्ही एकमताने आदेश फिरवला. मागची खोली मुख्य वास्तू ठरली. तिचा पोपटी रंग परत आला, गोल दार परत बसलं, डाग पुसला गेला. संध्याकाळी सूर ऐकू येऊ लागले आणि सून कापसाची डबी शोधू लागली.

पण एका भूखंडावर एक वास्तू मुख्य ठरली की दुसरी काय ठरते, हा साधा हिशेब तिने केला नव्हता. तिचं राहतं घर आता उपवास्तू झालं होतं, आणि उपवास्तू म्हणून त्याची अवस्था शोचनीय होती. ते मुख्य वास्तूच्या सहापट मोठं होतं. उंचीची मर्यादा त्याने पहिल्या मजल्यालाच ओलांडली होती. नातं तर कुठेच सांगत नव्हतं. खिडकी म्हणून खिडकी गोल नव्हती. शिवाय त्याच्यात दोन माणसं राजरोस स्वयंपाक करत होती आणि झोपत होती.

पाडापाडी समितीला आवडत नाही. आम्ही फक्त घर 'कमी दिसेल असं' करायला सांगितलं आणि स्वयंपाक व झोप मुख्य वास्तूत हलवायला मुदत दिली.

चष्मेवाल्याने हाही आदेश पाळला. परगावच्या एका रंगाऱ्याकडून त्याने घराचा वरचा मजला आकाशाच्या रंगात रंगवून घेतला, म्हणजे तो नसल्यासारखा वाटावा. निरभ्र दिवशी परिणाम चांगला साधे. ढगाळ दिवशी मात्र घर पुन्हा मोठं होई, आणि निरीक्षकांना तशी नोंद करावी लागे. दोन कबुतरं त्या भिंतीवर आपटली (त्यांनी तक्रार केली नाही).

आणि तिघं मागच्या खोलीत राहायला आली. एक खाट, एक स्टोव्ह, जमिनीवर एक गादी. चष्मेवाला उंच असल्यामुळे त्याचे पाय खाटेखाली जात. वडील गेल्यानंतर तो त्या खोलीत पहिल्यांदाच येत होता. आल्या आल्या तो भिंतीकडे पाहत उभा राहिला. अवजारं टांगायचे खिळे अजून तिथेच होते.

"बाबांची शिडी कुठे गेली?"

"दिली," नर्सबाई म्हणाली.

"मला विचारलं नाहीस."

"तू इकडे यायचास कुठे, विचारायला?"

तो दारापासून खाटेपर्यंत गेला, पुन्हा दारापर्यंत आला. एवढंच चालता येत होतं. मग एका खिळ्यावर बोट ठेवून म्हणाला, "इथे करवत होती."

"त्याच्या शेजारी. तिथे पाना होता. तू लहान असताना तो काढून पळायचास आणि ते शोधत बसायचे."

"त्यांना कळायचं?"

"तू पळताना पान्याचा आवाज व्हायचा रे," ती म्हणाली. "ते कळून शोधत बसायचे."

चष्मेवाला खाटेच्या कडेवर बसला आणि त्याने चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत होता. धंद्याने चष्मेवाला असल्यामुळे त्याचा चष्मा तसा कधी मळत नसे. मग नर्सबाईने क्लॅरिनेट उचललं आणि वाजवलं.

"आई," संपल्यावर तो म्हणाला, "तू वाईट वाजवतेस."

"माहीत आहे. म्हणून तर मागे वाजवते."

स्टोव्हपाशी बसलेली सून म्हणाली, "ते दुसरं गाणं बरं वाजवता तुम्ही."

"दुसरं कुठलं? मला एकच येतं."

यावर तिघंही हसली, असं निरीक्षकांनी मला सांगितलं. मुख्य वास्तूत विहित क्रिया सुरू झाल्या आहेत की नाहीत, याची खात्री करायला ते बाहेर उभे होते. गोल खिडकीतून तीन माणसं एका वेळी नीट दिसतात, असा त्यांचा अभिप्राय आहे.

तरीही एका खोलीत तिघांनी किती दिवस काढायचे? चष्मेवाल्याची मान धरली. सून रोज कामाला जाताना कपडे बदलायला शेजारणीकडे जाऊ लागली. नर्सबाईने मग सरळ हिशेब मांडला. ती घरात बसली तर घर मुख्य आणि खोली राखाडी, अंधारी. ती खोलीत बसली तर खोली मुख्य आणि घर बेकायदा. अंतिम पाहणीच्या दिवशी आम्ही अंगणात शिरलो, तर ती अंगणाच्या बरोबर मध्यभागी खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर क्लॅरिनेट. बाजूला पाण्याचा तांब्या. मुलगा आणि सून पायरीवर उभी होती.

"नर्सबाई, तुम्ही बाहेर कशा?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"तुम्हीच सांगा मी कुठे बसू. मी बसेन तिथे घर, असं तुमच्या पुस्तकात लिहिलंय ना? मग सांगा. मी थांबते."

"पण तुम्ही दिवसा सामान्यतः कुठे असता?"

"या आठवड्यापासून इथे. सकाळी चहा घेऊन बसते, अंधार पडला की उठते. गल्लीला विचारा."

गल्ली कुंपणाला टेकून उभीच होती. तिने मान डोलावली.

निरीक्षकांनी घर मोजलं, खोली मोजली आणि मग खुर्चीही मोजली. अध्यक्षीणबाई खुर्चीकडे व्यवसायाच्या नजरेने पाहत होत्या. मी मात्र माझी व्याख्या मनात पुन्हापुन्हा म्हणत होतो, आणि प्रत्येक वेळी ती मला एकाच ठिकाणी नेत होती. सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती कुठल्याच वास्तूत आढळत नाही. म्हणजे या भूखंडावर मुख्य वास्तू नाही. मुख्य वास्तूच नाही तर तिची उपवास्तू कशी असेल? आणि उपवास्तू नाही तर समितीचा संबंध काय?

आम्ही अहवालात लिहिलं: 'भूखंडावर कोणतीही वास्तू आढळली नाही. दोन मोठ्या आकृती आढळल्या, त्यांविषयी नियमावली मौन आहे.' प्रकरण बंद झालं.

अहवालावर सह्या झाल्या, तशी नर्सबाई उठली. तिने खुर्ची उचलून मुलाच्या हातात दिली आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावलं. गोल खिडकी 'टक्' झाली. मुलाने खुर्ची घरात नेली नाही. तो ती घेऊन तिच्या मागोमाग गेला. आता दुकान बंद केलं की तो आधी तिकडे जातो. तिला अजूनही एकच गाणं येतं. वरच्या मजल्याचा आकाशी रंग त्यांनी तसाच ठेवला आहे.

ही गोष्ट इथे संपली असती तर ती चष्मेवाल्याच्या घरची गोष्ट झाली असती. पण चांगला पायंडा झाकून राहत नाही. ज्याच्या मागे बेढब शेड होती, खुराडं होतं, मेहुणा होता, त्या प्रत्येकाला मार्ग सापडला. लोकांनी आपापल्या घरातली ज्येष्ठ व्यक्ती बाहेर आणून अंगणात बसवली. प्रकरणं भराभर निकालात निघाली. ताज्या मोजणीप्रमाणे आमच्या हद्दीत एकशे सत्याण्णव ज्येष्ठ व्यक्ती अंगणात आढळतात. त्यांपैकी एकशे ऐंशी खुर्चीवर, बारा बाकावर आणि पाचजण उलट्या बादलीवर. लोक समाधानी आहेत. कित्येक कुटुंबांना आपल्या घरात इतकी जागा आहे हे पहिल्यांदाच कळलं. नर्सबाई प्रकरण मिटताच आत गेली. यांना मात्र कोणी आत घ्यायचं सुचवलं नाही, कारण पाहणी केव्हाही होऊ शकते.

साहजिकच समितीचं काम वाढलं. एका अंगणात हिरव्या शालीचे आजोबा, शेजारच्या अंगणात जांभळ्या स्वेटरच्या आजी, असा विस्कळीतपणा रस्त्यावरून फार वाईट दिसू लागला. म्हणून मी नवं प्रकरण लिहून दिलं: 'अंगणस्थ ज्येष्ठांचे स्वरूप'. अंगणस्थाने घराशी नातं सांगावं. स्वेटर भिंतीच्या रंगाचा असावा. खोकला एका वेळी एकाच अंगणातून यावा. पावसात छत्री चालेल, मात्र छत्री ही उपवास्तू समजली जाईल.

या कामात नर्सबाईचा थोडा उपद्रव होतो. दुपारी ती रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन गल्लोगल्ली फिरते, अंगणातल्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळते, आकडे बघते आणि दार वाजवून त्यांच्या मुलांना बाहेर बोलावते. गेल्या आठवड्यात ती आमच्याकडे आली. आमचे वडील सकाळपासून बाहेर असतात. मोकळी हवा त्यांना मानवते, असं आम्ही ठरवलं आहे.

"यांचे हात गार पडलेत," ती म्हणाली. "जाड स्वेटर कुठाय यांचा?"

मी तिला समजावून सांगितलं, की जाड स्वेटर निळा आहे आणि आमचं घर विटकरी.

तिने आपल्या अंगावरची शाल काढली, वडिलांच्या खांद्यावर घातली आणि खाली बसून त्यांचे हात चोळत राहिली. वडील मला म्हणाले, "ही बाई कोण रे? ओळखीची वाटते." मग तिला म्हणाले, "तुम्ही आमच्यातल्या का?" ती म्हणाली, "हो." शाल पोपटी होती. मी ती नोंद अजून केलेली नाही. कामं फार साठली आहेत.

वाचकांपैकी काहींना हे सगळं गमतीचं वाटलं असेल. समितीला त्याचं वाईट वाटत नाही; हसण्याविषयी नियमावलीत तूर्त काही नाही. व्याख्येपुरती एक माहिती मात्र हवी होती. आपल्या घरातली सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती या क्षणी कुठे आहे? चटकन सांगता आलं तर उत्तम. उठून बघावं लागणार असेल, तर तसदी घेऊ नये. आपली नोंद झाली आहे.